यकृतातील पाणी आणि हिरवा उजेड

कानपूरहून लखनौकडे येणारी गाडी शहरात शिरण्यापूर्वी मानक नगर नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जाते. हे नाव कोणा नबाबाचे, साधूचे किंवा पुढाऱ्याचे नाही. ते मोजमापाचे नाव आहे. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना येथे नांदते. १९३० साली निघालेली मध्यवर्ती मानक कचेरी आणि १९५२ साली लखनौस स्थापन झालेले रेल्वेचे परीक्षण व संशोधन केंद्र, ह्या दोहोंचे १९५७ साली एकत्रीकरण होऊन ही संघटना जन्मास आली. रुळाचे पोलाद कसे असावे, डब्याचा आस किती भार सोसावा, पुलाच्या तुळईला किती कंप चालावा, ह्यांचे दंडक येथे ठरतात आणि देशभर पाळले जातात.

ह्या दंडकांपैकी एक प्रकरण विशेष मनोवेधक आहे. वरून अखंड दिसणाऱ्या पोलादाच्या पोटात भेग आहे की नाही, हे पोलाद न फोडता कसे ओळखावे? त्याचे नियमपुस्तक मानक नगरातून निघते. रुळावरून एक हातगाडी ढकलीत माणसे मैलोगणती चालतात. गाडीच्या तळाशी पाणी झिरपत असते, आणि त्या ओल्या स्पर्शातून मानवी कानास ऐकू न येणारा, म्हणजे श्राव्यातीत, ध्वनी रुळात सोडला जातो. रूळ निर्दोष असेल तर प्रतिध्वनी तळापर्यंत जाऊन परततो. मध्ये भेग असेल तर तो वाटेतूनच माघारी फिरतो. वेळेच्या ह्या सूक्ष्म फरकावर शेकडो उतारूंचे प्राण अवलंबून असतात.

पोलादाच्या ह्या परीक्षेचा आणि मनुष्याच्या यकृताचा काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. संबंध आहे, आणि तो केवळ उपमेपुरता नाही. ज्या शहराच्या एका टोकाला हे मानक नगर वसले आहे, त्याच शहरात १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यक महाविद्यालय आहे. १९५१ साली छत्तर मंझिलच्या जुन्या राजवाड्यात पंडित नेहरूंच्या हस्ते ज्या मध्यवर्ती औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले, ती आहे. आणि १९८३ साली स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर संस्थाही आहे. पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून, बिहारमधून, थेट नेपाळच्या तराईतून यकृताचे आणि पित्तमार्गाचे रोगी तेथे येतात. त्यांच्या पोटावर जे यंत्र फिरविले जाते, ते रुळावरून फिरणाऱ्या यंत्राचेच भावंड होय. ह्या भावंडांची कथा सांगायची तर यकृतातील एका विचित्र रोगाची कथा सांगावी लागते. कारण डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगेची भीती त्या रोगाइतकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या रोगात असेल.

ह्या रोगात यकृतामध्ये पाण्याची पिशवी धरते. वैद्यकाच्या परिभाषेत तिला हायडॅटिड पुटी म्हणतात. ती वर्षानुवर्षे वाढते, नारळाएवढीही होते, आणि पुष्कळदा रोग्यास तिचा पत्ताही नसतो. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या सूत्रांत पाण्याने भरलेल्या यकृताचा उल्लेख आहे, आणि ते पाणी पोटात फुटले तर रोगी दगावतो असे त्या प्राचीन ग्रीक वैद्याने बजावून ठेवले आहे. ग्रीकांना त्या पाण्याचे मूळ ठाऊक नव्हते, पण धोका नेमका कोठे आहे हे त्यांनी अचूक हेरले होते: पिशवी असण्यात नव्हे, पिशवी फुटण्यात. आपल्याकडे आयुर्वेदाने उदररोगाचे आठ प्रकार केले, जलोदराचे पाणी काढण्याची रीत सांगितली, आणि सारे पाणी एकाच दिवशी काढू नये असा सावधगिरीचा इशाराही दिला. अर्थात जलोदर म्हणजे ही पुटी नव्हे. दोन्हींची गल्लत करण्याचे कारण नाही.

हे पाणी सजीव आहे हे कळण्यास अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १७८२ साली गोत्से नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने पुटीतील रेतीसारखे कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्यांना पट्टकृमीच्या मस्तकावर असतात तशी आकड्यांची वर्तुळे दिसली. पुढे सत्तर वर्षांनी, १८५२च्या सुमारास, फोन झीबोल्ट ह्यांनी ही रेती कुत्र्यांना खाऊ घातली आणि काही आठवड्यांनी त्यांच्या आतड्यांत चिमुकले पट्टकृमी मोजून दाखविले. जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर लांबीचा हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात सुखाने राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, भाजीपाल्यावर पडतात. मेंढी, शेळी, गाय, म्हैस ती गिळते आणि तिच्या काळजात पुटी धरते. कसाबखान्याबाहेर ते काळीज कुत्र्यास मिळाले की चक्र पुरे होते. मनुष्य ह्या चक्रात चुकून सापडतो. कृमीच्या दृष्टीने पाहिले तर तो आडवाटेस लागलेला मुक्काम. कारण माणसाचे यकृत कुत्र्याच्या वाट्यास सहसा येत नाही. परंतु त्या चुकीचे मोल माणसाला पोटावरच्या जखमेने द्यावे लागते.

पुटीच्या रचनेतच शल्यविशारदाची अडचण भरलेली आहे. सर्वांत आत एक नाजूक अंकुरस्तर असतो. त्यातून कृमीची मस्तके निपजतात. त्याबाहेर अंड्याच्या उकडलेल्या पांढऱ्यासारखा दिसणारा थरांचा पडदा, आणि त्याहीबाहेर यकृताने स्वसंरक्षणार्थ उभारलेली जाड, तंतुमय भिंत. आतले पाणी स्फटिकासारखे निवळ असते. पण त्याचे चार थेंब पोटात सांडले तर दोन अनर्थ ओढवतात: एखाद्या रोग्यास तीव्र विपरीत प्रतिक्रिया होऊन रक्तदाब कोसळतो, आणि सांडलेले प्रत्येक मस्तक नव्या पुटीचे बीज ठरू शकते. रुआँ येथील फेलिक्स देवे ह्या फ्रेंच संशोधकाने १९०१च्या प्रबंधात हे दुसरे संकट प्रयोगांनी सिद्ध केले, आणि पुटी उघडण्यापूर्वी तिच्यात फॉर्मालिनसारखे मारक द्रव्य सोडावे असा मार्ग सुचविला.

हा मार्ग युक्तीचा होता आणि तो दीर्घकाळ चालला. पण त्यातच पुढचे दुःख दडलेले होते. पुटी वाढते तेव्हा ती भोवतीच्या पित्तनलिका बाजूस सारते, दाबते, झिजविते. आणि कित्येक पुट्यांच्या भिंतीत अखेर एखाद्या नलिकेचे तोंड उघडे पडते. असे तोंड असेल तर कृमी मारण्यासाठी ओतलेले फॉर्मालिन पित्तमार्गात शिरते आणि त्या कोवळ्या नळ्या आतून करपवून टाकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा रोग्यांचे वृत्तांत जमू लागले: पुटी बरी झाली, पण पित्तमार्ग कायमचा आक्रसला आणि यकृत हळूहळू निकामी झाले. तेव्हापासून फॉर्मालिन मागे पडले. तीव्र मिठाचे पाणी आणि इतर द्रव्ये पुढे आली, आणि तीही पित्तमार्गाशी दळणवळण नाही अशी खात्री करूनच वापरावीत असा दंडक झाला. खात्री करावी हे सांगणे सोपे. पण राईएवढ्या तोंडाची खात्री करावी कशी?

येथे पोलादाची विद्या वैद्यकाच्या मदतीस आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फायरस्टोन ह्या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने धातूंतील दोष श्राव्यातीत ध्वनीने ओळखण्याचे यंत्र सिद्ध केले होते. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड हे युद्धात वायुदलात होते. अशा यंत्रांशी त्यांचा परिचय होता. १९५५च्या जुलै महिन्यात त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी आणि पुट्या मोटारीत घातल्या आणि बॅबकॉक अँड विल्कॉक्स ह्या बाष्पपात्रे बनविणाऱ्या कारखान्यात नेल्या. तेथील धातुपरीक्षेचे यंत्र त्यांवर लावले. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा एक मोठा तुकडा पुरविला. पाण्याने भरलेल्या पुटीचा प्रतिध्वनी भरीव गाठीहून निराळा उमटला. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी ह्यांचा निबंध आला, आणि सोनोग्राफी ह्या नावाने आज तालुक्याच्या गावी परिचित झालेल्या तपासणीचा पाया घातला गेला. रुळावर जसे पाणी लागते, तसा पोटावर चिकट लेप लागतो. दोहोंचे कारण एकच, की मधल्या हवेत ध्वनी हरवू नये.

ट्युनिशियातील हसन घरबी ह्यांनी १९८१ साली सोनोग्राफीत दिसणाऱ्या रूपांवरून ह्या पुट्यांचे पाच प्रकार केले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्या वर्गीकरणास व्यवस्थित रूप दिले. पुटी कोठे आहे, केवढी आहे, जिवंत आहे की मेलेली, हे आता पोट न उघडता कळू लागले. आल्बेंडॅझोलसारखी औषधेही हाती आली. पण राईएवढे तोंड प्रतिध्वनीलाही बहुधा चुकवून जाई.

दरम्यान शस्त्रक्रियेचीच रीत पालटत होती. पोटाला लहान छिद्र पाडून आत नळी घालून पाहावे, ही कल्पना केलिंग ह्या जर्मन वैद्याने १९०१ साली कुत्र्यावर करून दाखविली होती. स्टॉकहोमच्या याकोबेयस ह्यांनी १९१० साली ती माणसांवर अवलंबिली. मग कित्येक दशके ही दुर्बीण केवळ पाहण्यापुरती राहिली. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम ह्यांनी १९८० साली तिच्यातून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना शाबासकी दिली नाही, उलट त्यांच्यावर झोड उठविली. १९८५ साली एरिख म्यूए ह्यांनी पित्ताशय काढले. १९८७ साली लिऑनच्या फिलिप मूरे ह्यांनी चलच्चित्राच्या पडद्याकडे पाहून तेच केले. आणि त्यानंतर दोनचार वर्षांत जगभर ह्या रीतीचा पूर आला.

महाराष्ट्रापुरती ह्या कथेची एक स्वतंत्र ओळ आहे, आणि ती अभिमानास्पद आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया ह्यांनी १९७२ सालीच दुर्बिणीतून उदरपरीक्षा सुरू केली होती. त्यामागे नवलाईची हौस नव्हती, गरिबीची निकड होती. सरकारी रुग्णालयात खाटा थोड्या, तपासण्यांची यंत्रे त्याहून थोडी. पोट उघडल्यावाचून निदान होत नसलेल्या रोग्याला एका छिद्रातून पाहून चटकन घरी पाठविता यावे, हा हेतू. १९९० साली त्याच रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. विकसनशील देशांतील ते पहिले होते. हातावर पोट असलेल्या मजुराला लांब जखम भरेपर्यंत घरी बसणे परवडत नाही, आणि म्हणून ही रीत श्रीमंत देशांपेक्षा आपल्याला अधिक हवी, असा त्यांचा आग्रह होता. डॉ. उडवाडिया २०२३ साली निवर्तले. महागड्या यंत्राचा विचार गरिबाच्या बाजूने करणारी ही दृष्टी भारतीय शल्यविद्येला त्यांची मोठी देणगी म्हटली पाहिजे.

यकृतातील पाण्याच्या पुटीकडे मात्र दुर्बिणीचे लोक सावधपणे, जवळजवळ भीत भीतच वळले. पोट वायूने फुगविलेले असते. त्या दाबाखाली ताणलेली पिशवी टोचली तर पाणी उसळणारच. उघड्या शस्त्रक्रियेत पुटीभोवती मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या कापडी घड्या रचून बांध घालता येतो. तेवढी सोय छिद्रातून होत नाही. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी युरोपातून पहिले वृत्तांत आले आणि मग निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. त्यांतील एक नामांकित युक्ती भारतीय आहे. कोइमतूरचे डॉ. सी. पलनिवेलू ह्यांनी एक रुंद नळी घडविली. ती पुटीच्या पृष्ठभागावर घट्ट टेकवायची, तिच्याच पोटातून पुटी टोचायची, आणि तेथे झिरपेल तो थेंब न् थेंब नळीतल्याच शोषणमार्गाने ओढून घ्यायचा. पुटी रिकामी झाली की दुर्बीण त्याच नळीतून आत सरकवून पोकळीचे आतले अंग न्याहाळायचे. २००६ साली त्यांनी ६६ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला.

सांडण्याचे भय ह्याप्रमाणे पुष्कळ आटोक्यात आले. राहिले ते झिरपण्याचे. पुटी काढून घेतल्यावर यकृतात जी पोकळी उरते, तिच्या भिंतीत पित्तनलिकेचे तोंड उघडे राहिले असेल, तर शस्त्रक्रियेनंतर पित्त झिरपत राहते. पोटात साठते, सडते, ताप येतो, आणि चार दिवसांत घरी जाणारा रोगी चार आठवडे खाटेवर पडून राहतो. ह्या झिरपण्याचा माग काढण्याची जुनी रीत अगदी घरगुती होती. पांढरीशुभ्र कापडी घडी पोकळीत दाबून धरायची, काही मिनिटांनी काढायची, आणि तिच्यावर पिवळा डाग उमटला आहे का ते पाहायचे. कोणी पित्तमार्गात निळा रंग किंवा हवा सोडून बुडबुडे शोधी. रीत साधी आणि स्वस्त. पण दाब पडल्यावर बंद होणारे आणि नंतर उघडणारे तोंड तिच्यातून निसटे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर बोटांनी चाचपण्याचाही आधार नाही.

गळतीचा माग रंगाने काढावा ही कल्पना वैद्यकाच्या आधी भूगोलाने वापरली होती. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी चुनखडकाच्या भेगांत नाहीसे होते. ते जाते कोठे, ह्यावर वाद होता. खालच्या गिरणीवाल्यांच्या पोटाचाच तो प्रश्न होता. १८७७च्या ऑक्टोबरात भूवैज्ञानिक क्नोप ह्यांनी त्या भेगांत १० किलो फ्ल्युओरेसीन टाकले; सोबत मीठ आणि तेलही होते. सुमारे ६० तासांनी काही कोसांवरचा आख नदीचा झरा चमकदार हिरव्या पाण्याने वाहू लागला. आख ऱ्हाइनला मिळते; म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेली नदी चोरवाटेने उत्तर समुद्राकडे जात होती. भेग कोणासही दिसली नाही. पण चमकणाऱ्या पाण्याने तिची वाट सांगितली.

ह्या चमकण्याचे शास्त्रीय नाव अनुस्फुरण. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश पितात आणि त्याहून कमी ऊर्जेचा, म्हणजे निराळ्या रंगाचा, प्रकाश तत्काळ परत देतात. हिंदुस्थानात टपाल कचेऱ्यांतून पुड्यांनी विकल्या गेलेल्या क्विनीनच्या द्रावणात जॉन हर्शेल ह्यांना १८४५ साली अशी निळी झळक दिसली, आणि १८५२ साली स्टोक्स ह्यांनी तिचा उलगडा करून तिला नाव दिले. पोलादाच्या परीक्षकांनीही ही झळक सोडली नाही. १९४०च्या दशकापासून धातूच्या भागावर चमकणारे तेल लावून, ते पुसून, मग अंधारात जंबुपार किरणांखाली भेगा शोधण्याची रीत रूढ झाली. आगगाडीच्या चाकांचे धारवे तपासताना रेल्वेच्या कारखान्यांतही ती वापरली जाते. भेगेत शिरलेले तेल तेवढे मागे राहते आणि काळोखात हिरव्या रेघेसारखे उजळते.

यकृतासाठी ज्या रंगाची योजना झाली, त्याचा जन्म मात्र छायाचित्रांच्या कारखान्यात झाला. मेयो चिकित्सालयातील आर्विन फॉक्स हे हृदयातून दर मिनिटाला किती रक्त जाते ह्याचे मापन करीत होते. त्यासाठी त्यांना असा रंग हवा होता, की जो डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्ताच्या उंबरठ्यावर प्रकाश शोषील. कारण तेथे रक्त तांबडेलाल असो की काळपट, त्याची बाधा मापनाला होत नाही. कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत छायाचित्रणासाठी असे रंग तयार होत. त्यांतील एक, इंडोसायनीन ग्रीन, १९५७ साली वैद्यकात आला आणि १९५९ साली अमेरिकन सरकारने त्याला मान्यता दिली. ह्या रंगाचा एक गुण विलक्षण आहे. शिरेत टोचला की तो रक्तातील प्रथिनांना चिकटतो, रक्तवाहिन्यांबाहेर सांडत नाही, आणि जवळजवळ सगळाच यकृताने उचलला जाऊन पित्तावाटे बाहेर टाकला जातो. यकृत सशक्त असेल तर काही मिनिटांत रक्त स्वच्छ होते. म्हणून पुढची पन्नासएक वर्षे त्याचा उपयोग यकृताची ताकद अजमावण्याकडे, आणि नेत्रवैद्यांकडून डोळ्याच्या खोल पडद्यातील रक्तवाहिन्या पाहण्याकडे झाला. पित्तातील त्याचा उजेड अंधारात तसाच पडून होता. पाहणारे यंत्र नव्हते इतकेच.

अवरक्ताचे कॅमेरे शस्त्रक्रियागृहात आले, तेव्हा टोकियोतील शल्यविशारदांना एक अनपेक्षित दृश्य दिसले. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस यकृताची परीक्षा म्हणून रोग्यांना हा रंग टोचलेला असे. यकृत उघडून कॅमेरा धरला तेव्हा निरोगी भाग रंग टाकून मोकळा झाला होता, पण पित्त अडकून राहिलेल्या गाठी काजव्यांसारख्या चमकत होत्या. २००९ साली इशिझावा आणि सहकारी ह्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास पित्तनलिकांचे चित्रही ह्या रंगाने दुर्बिणीतून घेता येते असे त्यांनी दाखविले. त्यानंतरच्या वर्षांत निरनिराळ्या देशांतील शल्यविशारदांनी हाच उजेड हायडॅटिड पुटीच्या पोकळीत नेला.

रीत अशी. शस्त्रक्रियेपूर्वी काही वेळ, कोठे तासभर तर कोठे आदल्या दिवशी, रंग शिरेतून दिला जातो. यकृत तो उचलते आणि पित्तात सोडते. दुर्बीण आत गेल्यावर नेहमीचा पांढरा प्रकाश बदलून सुमारे ८०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश पाडतात. रंग त्याहून थोड्या लांब, सुमारे ८३० नॅनोमीटरच्या, लहरी परत देतो. नुसत्या डोळ्यांना ह्यातले काहीच दिसणार नाही. पडद्यावर जो हिरवा उजेड दिसतो तो यंत्राने दिलेला उसना रंग आहे. अभियंत्यांनी ठरविले असते तर तो जांभळाही झाला असता. ह्या हिरव्या यकृतात पुटी काळ्या डोहासारखी उठून दिसते, कारण तिच्यात यकृताच्या पेशी नाहीत. कोठे कापावे त्याची कड अशी आपोआप आखली जाते. मग पुटी रिकामी करून, अंकुरस्तर ओढून काढून, पोकळी धुऊन पुन्हा तोच प्रकाश पाडायचा. काळ्या भिंतीवर कोठे हिरवा ठिपका उमटला, तो वाढला, ओघळला, तर तेच नलिकेचे तोंड. त्यावर टाका घालायचा, आणि ठिपका विझला की नाही ते पुन्हा पाहायचे. क्ष-किरणांचे यंत्र नको, पित्तमार्गात सुई खुपसणे नको.

ह्या उजेडाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो ऊतींतून फार तर सेंटिमीटरभर पार होतो. यकृतात खोल दडलेली पुटी त्याला दिसत नाही. यकृत रोगाने खंगलेले असेल तर रंग पित्तात नीट उतरत नाही. रंग लवकर दिला तर पार्श्वभूमी मंदावते, उशिरा दिला तर सारे यकृतच इतके उजळते की ठिपका त्यात बुडून जातो. किती आधी द्यावा ह्यावर अजून एकमत नाही. क्वचित कोणाला त्याची विपरीत प्रतिक्रियाही होते. आणि मुख्य म्हणजे तो कृमीला मारीत नाही. औषधाच्या गोळ्या, मिठाचे पाणी, सांडू न देण्याची दक्षता, ह्यांतले काहीही त्यामुळे वगळता येत नाही. त्यातून असा कॅमेरा महाग; मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांपलीकडे तो अजून सर्वत्र पोचलेला नाही. पांढऱ्या कापडाची घडी मात्र प्रत्येक तालुक्यात आहे.

येथे इतिहासाने एक विनोद करून ठेवला आहे. ज्या देशाने ह्या रोगाचे निर्मूलन केले, त्याच्याजवळ ह्यांतले एकही यंत्र नव्हते. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघर होता. मेंढ्यांवर जगणारा देश, आणि प्रत्येक शेतावर कुत्री. डेन्मार्कचे हाराल्ड क्राबे १८६३ साली तेथे गेले आणि त्यांनी १०० कुत्र्यांची आतडी तपासली; २८ कुत्र्यांत हा कृमी निघाला. परतल्यावर त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली: रोगट काळजे जाळा किंवा पुरा, कुत्र्यांना देऊ नका, त्यांना जंताचे औषध द्या. १८६४ साली ती आइसलँडमध्ये घरोघर फुकट वाटण्यात आली. लांब हिवाळ्याच्या रात्री वाचनात घालविणारा तो समाज. त्याने पुस्तिका वाचली. १८६९ साली कुत्र्यांविषयी कायदा झाला. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांत रोग झपाट्याने ओसरला, आणि विसाव्या शतकात तो देशातून नाहीसा झाला. लिहिता-वाचता येणाऱ्या प्रजेचा इतका प्रत्यक्ष लाभ क्वचितच कोठे नोंदला गेला असेल.

आपल्याकडे ह्या चक्राचे सर्व दुवे शाबूत आहेत. माणदेशातून, फलटण-बारामतीकडून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या कळपांबरोबर कुत्री चालतात, आणि वाटेत मेलेल्या मेंढीचा वाटा त्यांना मिळतो. गावोगावच्या बाजारात उघड्यावर कापणी होते. टाकाऊ काळीज फेकले जाते, आणि ते उचलायला कोण टपलेले असते हे पाहण्यास दुर्बीण लागत नाही. ज्या वर्षी टोकियोचे शल्यविशारद चमकणाऱ्या यकृताचा वृत्तांत लिहीत होते, त्याच २००९ साली मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील कापल्या गेलेल्या जनावरांतील पुट्यांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरे ह्यांच्या यकृतांतून आणि फुप्फुसांतून त्यांनी नमुने गोळा केले होते. मेंढीचा म्हणून जगभर ओळखला जाणारा प्रकार त्यात सापडला, पण संख्येने अधिक निघाला तो म्हशीचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार. आणि तो केवळ म्हशीतच नव्हे, तर दुसऱ्या जनावरांतही मुक्कामास होता. क्राबे ह्यांच्या पुस्तिकेत मेंढी आणि कुत्रा एवढीच पात्रे होती. मराठी पुस्तिका लिहिणाऱ्याला म्हशीपासून सुरुवात करावी लागेल.